इंजिनाचं तोंड डायवरकडे

पडवीत ते इंजिन आणून ठेवलं त्या दिवसापासून आमच्या जेवणाला पेट्रोलचा वास यायला लागला. निदान आईचं म्हणणं तसं होतं. तिच्या मते माणसाच्या कपड्याला लागलेला वास धुऊन जातो, पण सुक्या बोंबलाला एकदा चिकटला की कालवणातसुद्धा सुटत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे खायला दुसरं असायचं तरी काय? बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, ताजं म्हावरं बंद, त्यामुळे उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरलेले बोंबील, सुकट, खारवलेला बांगडा, आणि त्याचा कंटाळा आला की कुळथाची पिठी नि फणसाच्या आठळ्या. "इतकी वर्षं तुझ्या बापाच्या डिझेलचा वास काढला," आई तव्यावरची भाकरी उलटताना म्हणायची, "आता तुझा पेट्रोलचा काढते. माझ्या नशिबात साधा भाताचा वास म्हणून कधी येणार नाय." कौलांवर पाऊस असा कोसळत असायचा की हे सगळं तिला ओरडूनच बोलावं लागायचं, आणि ओरडून बोललेलं सगळं भांडणच वाटतं. त्या पावसाळ्यात आमच्या घरात खरी भांडणं किती झाली आणि पावसामुळे वाटलेली किती, हे मला अजून सांगता येत नाही.

इंजिन माझ्या मावसभावाच्या मोटारसायकलचं. तो नोकरीला मुंबईला गेला आणि गाडी माडाखाली तशीच उभी राहिली. आमच्याकडची खारी हवा लोखंडाला काय करते ते रत्नागिरीकराला सांगायला नको. टाकीची चाळणी झाली होती, मडगार्ड हाताने तुटत होतं; शाबूत राहिलं होतं ते इंजिन. "घेऊन जा रे, मला काय त्याचं लोणचं घालायचंय?" मावसभाऊ म्हणाला. मी ते पोत्यात बांधून सायकलवरून आणलं. टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचं, फार मोठंही नाही. न्हाव्याच्या दुकानातल्या एका जुन्या मासिकात मी एक चित्र पाहिलं होतं: जमिनीला चिकटून चालणारी, टप नसलेली, नुसत्या सांगाड्याची चार चाकांची गाडी, आणि तिच्यात हेल्मेट घातलेला माझ्याच वयाचा एक गोरा पोरगा. गो-कार्ट. वाडीत कुणी तिला त्या नावाने हाक मारली नाही. ती शेवटपर्यंत 'अन्याचा गाडा'च राहिली. सांगाडा एका मोडीत निघालेल्या बोटीच्या छपराच्या पाइपांचा, मागची चाकं स्कूटरची, पुढची बंदरावरच्या हातगाडीची, आणि बसायला मासळीचा क्रेट. आज माझ्या गॅरेजमध्ये कुणी असलं काही घेऊन आला तर मी त्याला हाकलून देईन.

माझे वडील दामू तांडेलांच्या बोटीवर डायवर होते. डायवर म्हणजे बोट हाकणारा नव्हे. हाकतो तो तांडेल. खाली इंजिनाशी बसतो, त्याला तेलपाणी करतो, त्याची कुरकुर ऐकतो, तो डायवर. आमच्या बंदरात बाबांच्या कानाला फार मान होता. कुणाच्या बोटीचं इंजिन खोकायला लागलं की माणूस आमच्या अंगणात हजर. बाबा जायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे, आणि मग काय बिघडलंय ते एका वाक्यात सांगून घरी यायचे. ते म्हणाले तेच निघायचं. हा मान त्यांना कुणी कागदावर लिहून दिलेला नव्हता, पण माणूस त्याच्यावर जगत होता. आता असा बाप घरात असताना पोराने दहावी होऊन मोटार मेकॅनिकच्या कोर्सला जायचं म्हटलं, प्रवेशही मिळवला, तर बापाला काय वाटणार? "इंजिन शिकायला शाळा कशाला? घरात मी हाय ना?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि मला न विचारता दामू तांडेलांना शब्द देऊन मोकळे झाले, की नारळी पुनवेला बोट पाण्यात गेली की अन्या माझ्या हाताखाली.

मला समुद्र नको होता असं नाही. मला ती खोली नको होती. बोटीच्या पोटात, डोकं वर करता येत नाही अशा जागेत, सगळा दिवस तो आवाज. बाबा घरी आले की आम्ही सगळे ओरडून बोलायचो, पाऊस नसला तरी. त्यांचा कान इंजिनाचं सगळं ऐकायचा, माणसांचं ऐकणं सुटत चाललं होतं. हे मी त्यांना सांगू शकलो नाही. त्याऐवजी पडवीत तांडेल चहा पीत बसलेले असताना मी तणतणत म्हणालो, की मला इंजिनातलं कळतं, मी हा गाडा चालवून दाखवीन. तांडेल खदाखदा हसले. "अरे डायवर, पोरगा तुला शिकवायला निघाला." बाबांनी बशीतला चहा संपवला. "नारळी पुनवेच्या आधी हा गाडा आपल्या दारातनं देवळापर्यंत गेला, तर जा तुझ्या त्या शाळेत. नाय गेला तर माझ्या संगती बोटीवर. तांडेल साक्षीला हायत." मी "चालेल" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आणि मग ते इंजिन काही केल्या सुरूच होईना. मी किक मारतोय, मारतोय, पायाच्या पोटरीत गोळे आले, पण नुसतं फस्स. प्लग काढावा तर ओलाचिंब. पुसून घालावा, परत ओला. पावसात आमच्या घरातली काडेपेटी पेटत नव्हती तिथे हा प्लग काय पेटणार? पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, तर कधी जास्त व्हायचं आणि मग सायलेन्सरमधून काळं पाणी गळायचं. कधी कमी पडून इंजिन जाम होईल म्हणून भीती वाटायची. कारबुरेटर उघडला तर आत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक. जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, साफ करायला आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली, ती आत मोडली. ती काढायला दुसरी घेतली, तीही मोडली. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, परत गंज. त्या दिवसांत मी जेवताना कुणाशी बोलत नसे, भात नुसता कालवत बसायचो, आणि आई म्हणायची, "खा मेल्या, त्या इंजिनाने नाय खाल्लं म्हणून तू पण उपाशी राहणार काय?" एकदा तर मी पाना अंगणात भिरकावला तो सरळ विहिरीत गेला. बाबांनी बघितलं. गळ बांधून पाना काढला आणि माझ्यापाशी आणून ठेवला. त्यांच्या त्या न बोलण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांना सुट्टी सोसत नसे. जाळी विणायचं काम त्यांचं नव्हतं, पत्ते ते खेळत नसत, आणि डोळ्यांसमोर कुणी इंजिनाचे हाल करतंय हे त्यांना बघवेना. आधी ते खांबाला टेकून बघत बसायचे. मग जवळ स्टूल आलं. मग एके दिवशी, मी पॉइंटची फट पोस्टकार्डाने मोजत असताना, "बाजूला हो" असा आवाज आला, आणि त्यानंतर मी बाजूलाच राहिलो. माझा गाडा, माझी पैज, आणि पाना त्यांच्या हातात! प्लग त्यांनी आईच्या तव्यावर नेऊन तापवला. आईने केवढा आरडाओरडा केला. "भाकरीचा तवा हाय तो! देवाला नैवेद्य त्याच्यावरनं जातो!" बाबांनी तापलेला प्लग फडक्यात धरून पळत आणला, बसवला, आणि म्हणाले, मार. मी मारली. इंजिन फटफटलं, निळ्या धुराने पडवी भरून गेली, आणि परत बंद पडलं. पण बोललं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू येत होतं. मी एवढे दिवस जे करू शकलो नाही ते ह्यांनी भाकरीच्या तव्यावर केलं, आणि आता देवळापर्यंत गाडा गेला तरी तो कुणाचा म्हणायचा?

खरं भांडण झालं ते इंजिन सांगाड्यावर बसवताना. मी ते क्रेटच्या मागे, मोटारसायकलमध्ये असतं तसंच बसवणार होतो, सिलिंडर पुढे, वारा लागायला, आणि कारबुरेटर त्याच्या मागे. चेनचं दात्याचं चाक मी डाव्या बाजूला वेल्डिंग करून आणलंसुद्धा होतं. बाबांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारली. "डायवर कुठे बसणार?" मी क्रेटकडे बोट दाखवलं. "आणि इंजिनाने त्याच्याकडे पाठ फिरवलीन? कारबुरेटर पलीकडे? भर समुद्रात जेट तुंबला तर उठून मागे जाणार तू?" मी म्हणालो, बाबा, हा रस्ता आहे, समुद्र नाही. "इंजिनाचं तोंड डायवरकडे पायजे. त्याची नस हाताला लागली पायजे. फिरव." मी म्हणालो, फिरवलं तर चेन उजवीकडे जाईल, वेल्डिंग परत करावं लागेल. "कर." सिलिंडरला वारा लागणार नाही. "देवळापर्यंत जायचंय, गोव्याला नाय." मी म्हणालो, तुम्हाला मी जिंकायला नकोच आहे, म्हणून सगळं करायला लावताय. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे त्यांच्या बाबतीत कधीच कळायचं नाही. वेल्डिंगवाल्याकडे मी परत भिजत गेलो, दात्याचं चाक कापून दुसऱ्या बाजूला लावून आणलं. तोही हसला. त्या सबंध पावसाळ्यात मला बघून जो तो हसत होता.

मागचा भाग चिऱ्यांवर उचलून आम्ही पहिल्यांदा गिअर टाकून बघितला, तेव्हा चाकं गरगर फिरली. काय सुंदर फिरली! चाकांना लागलेला सगळा चिखल उडून पुढच्या दारात उभ्या असलेल्या आईच्या लुगड्यावर गेला, आणि आम्ही दोघांनी तिलाच दटावलं, की तिथे उभी कशाला राहिलीस. बाबांनी स्क्रूड्रायव्हर टेकवून कानाशी धरला, डोळे मिटले, आणि मान डोलावली. मीही खूश झालो, पण राग गेला नव्हता. मी त्यांना सांगितलं, उद्या चालवणार मी, तुम्ही हात लावायचा नाही. ते बरं म्हणाले.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. बोट पाण्यात लोटायची म्हणून सगळे खलाशी वाडीत आलेले, रंगाचे हात घेऊन, आणि दामू तांडेल नवी टोपी घालून आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसले. आमच्या दारातून देवळापर्यंत सरळ रस्ता, हलका चढ. मी क्रेटमध्ये बसलो. किक बाबांनी मारली, कारण बसलेल्या माणसाला ती मारता येत नव्हती. इंजिन पहिल्या किकेत सुरू झालं. मी पहिला गिअर टाकला, देवळाच्या कळसाकडे बघितलं, क्लच सोडला, आणि गाडा मागे गेला.

मागे म्हणजे कसा, तर थेट. जास्वंदीच्या कुंपणात घुसला आणि बंद पडला. आधी मला वाटलं, उतारामुळे घसरला. परत ढकलून आणला, परत किक, परत गिअर, आणि परत जास्वंद. मग अक्कल अशी, की दुसरा गिअर टाकून बघू. दुसऱ्यात तो जास्त जोरात मागे गेला आणि आईचं कोंबड्यांचं खुराडं घेऊन आडवा झाला. कोंबड्या ओरडतायत, आई ओरडतेय, आणि खलाशी पोट धरून रस्त्यात बसलेले. मी उतरलो, चेनकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं, आणि मला कळलं. इंजिन आपलं नेहमीच्याच बाजूला फिरत होतं. आम्ही त्याचं तोंड फिरवलं, म्हणून त्याचं पुढे ते आमचं मागे झालं. एवढं साधं. बोटीत हा प्रश्न येत नाही, कारण पंख्याने पुढे ढकलायचं की मागे, ते गिअरबॉक्सचा दांडा ठरवतो. उभ्या आयुष्यात बाबांना इंजिन कुठल्या बाजूला फिरतं हे बघायची वेळ आली नव्हती. आणि माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मी भांडलो होतो वाऱ्यासाठी आणि वेल्डिंगसाठी. पण त्या क्षणी मला हे कुठलं सुचायला? मी पाना रस्त्यावर आपटला आणि सगळ्यांच्या देखत ओरडलो, "मुद्दाम केलंत तुम्ही! मला बोटीवर न्यायचं होतं म्हणून मुद्दाम केलंत!"

बापाशी असं कुणी बोलत नसे. हसणं थांबलं. बाबा गाड्यापाशी वाकले, मागचं चाक हाताने थोडं फिरवलं, मग हवेत बोट फिरवून बघितलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. दामू तांडेल गडग्यावरून उतरले. वातावरण हलकं करायला असेल, पण म्हणाले, "चला डायवर, पैज जिंकलास. पोरगा आला बोटीवर."

बाबा सरळ उभे राहिले. नेहमीसारखं मोठ्याने, पाऊस असल्यासारखं, ते म्हणाले, "पोराची काय चूक नाय. इंजिन मी उलटं बसवलं. ह्याने मला आधीच सांगितलेलान, बाबा, चाक उलटं फिरेल. मीच ऐकलं नाय. पैज पोराने जिंकलीन. तो शाळेत जाईल."

"तू उलटं बसवलंस?" तांडेलांचा विश्वासच बसेना. "तू?"

"मी," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं. मी काहीच सांगितलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं, हे ओठांवर आलं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उभा काय राहिलास? चौदाचा पाना आण. सोडवूया ह्याला." मी पाना आणायला गेलो. परत येईपर्यंत लोक पांगले होते. आई कोंबड्या गोळा करत होती.

त्याची किंमत त्यांनी पुढे दर मोसमात मोजली. बोट धक्क्याला लावताना मागे घ्यायची झाली की कुणीतरी खलाशी ओरडायचा, डायवरला विचारा, त्याला उलटं चांगलं जमतं. दुसऱ्या बोटीची माणसं इंजिन दाखवायला यायची ती आधी हसून घ्यायची आणि मग बोलायची. काही तर यायचीच बंद झाली. ज्या कानाला सगळं बंदर मान देत होतं, त्याच्यामागे लोकांनी एक वाक्य लावून दिलं. मी कोर्सला गेलो, शिकलो, शहरात गॅरेज टाकलं.

मी त्यांना विचारलं, अनेकदा विचारलं. ते बोट सोडून घरी बसले, कानाला यंत्र लागलं, तेव्हाही विचारलं. "बाबा, मी तसं काही सांगितलं नव्हतं. चाक उलटं फिरेल हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही खोटं बोललात."

"सांगितलेलंस. पडवीत. मी स्टुलावर बसलेलो."

"मी वाऱ्याबद्दल बोललो होतो."

"चाकाबद्दल बोललास. तुझ्या लक्षात नाय."

मी आईकडे बघायचो. ती त्या सबंध भांडणाला हजर होती, शब्द न् शब्द तिला पाठ होता. ती तांदूळ निवडत मान खाली घालून म्हणायची, "सांगितलेलंस रे. मी होते ना तिथे." मग मी चिडायचो, आवाज चढवायचो, आणि बाबा शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायचे. संपलं भांडण. डोकं आपटून घ्यावं असा माणूस. आता दोघंही नाहीत. मी सांगितलं नव्हतं, एवढं एक त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं, आणि ते त्यांनी मला करू दिलं नाही.